हवेतलं माप

४ ऑगस्ट १९९५

गेलं! पुन्हा गेलं! नळीचा शेवटचा काप चालू होता आणि लाईट गेली. लेथ थांबली ती कापायचं टूल पितळात रुतवूनच. चांगलं पितळ — भंगारात.

आबा अंधारात हसले. "लष्करात असतास तर कोर्ट मार्शल झालं असतं तुझं." मला रडू येत होतं आणि यांना कोर्ट मार्शल सुचतंय!

केसरआजी दारातनं ओरडली, "त्या बंबापायी पोराला उपाशी मारता व्हय? भाकरी गार झाली." ती आमच्या नकली गनच्या नळीला बंबच म्हणते. खऱ्या मशीनगनमध्ये त्या जाड नळीत पाणी भरायचे, आतली बॅरल तापून लाल होऊ नये म्हणून. आजीचं म्हणणं, पाणी तापतंय ना? मग बंबच.

९ ऑगस्ट

लिहून ठेवतो. नाहीतर पुढं माझं मलाच खरं वाटायचं नाही.

ज्ञानदेवआबा महार रेजिमेंटात मशीनगनवर होते. विकर गन. अख्खं पणदरे त्यांना मशीनगनवाले आबा म्हणतं. रिटायर झाल्यावर एका वर्कशॉपात लेथवर होते. ती लेथ भंगारात निघाली तशी बैलगाडीत घालून घरी आणली. घरामागं पत्र्याचं शेड, त्यात लेथ. शेजारच्या खोलीत मी भाड्यानं, डेअरीत हमाली करतो.

आता त्या गनची चौथ्या हिश्शाची प्रतिकृती करतोय. गोळी उडणार नाही, बॅरल भरीवच. आबांची अट — "दिसाय पायजे, चालाय नको."

नकाशा नाही, फोटो नाही. लष्करात त्यांना डोळे बांधून गन खोलायला लावायचे, डोळे बांधून जोडायला. रोज. आता आबा गोणपाटावर बसतात, डोळे मिटतात, आणि हात हवेत चालायला लागतात. इथं झाकण. इथं गोळ्यांचा पट्टा आत जातो ते तोंड. मी म्हणतो, थांबा! ते थांबतात, अगदी दगडासारखे. मी दोन्ही हातांमधली हवा पट्टीनं मोजतो आणि चारनं भागतो. "नंबर दोन, लिही," म्हणतात. मी नंबर दोन, म्हणजे गनवरचा मदतनीस.

मधी कुणी बोललं की सगळं पहिल्यापासनं. आज आजीनं चहा विचारला. आबा आजीला काय बोलले ते लिहीत नाही.

१५ ऑगस्ट

डेअरीला सुट्टी कसली! क्रेट उचलून खांदे गेले. संध्याकाळी आटपाडीला किराणा दुकानात फोन लावला, वडिलांना, तात्यांना, बोलावून घेतलं.

"दसऱ्याला मेंढरं घिऊन निघायचंय. येतुस का गडी बघू?"

म्हणालो, मी टर्नर होणार.

"म्हंजी काय असतंय?"

लेथवर लोखंड-पितळ कातून वस्तू करायच्या, म्हणालो. आजूबाजूचे हसलेलं फोनमधनं ऐकू आलं.

बुद्धघोषदादा, आबांचा मुलगा, एमआयडीसीत फोरमन आहे. रोज डेअरीपर्यंत त्याच्याच मोटरसायकलवर जातो मी. तो म्हणालाय, "बिरू, तुझ्याकडं आयटीआयचा कागद न्हाय, राहू दे. एक वस्तू दाव मला. पहिल्यापास्नं शेवटापातूर तू केलेली. मग मालकाशी मी बोलतो."

एक वस्तू! चौथीत शाळा सोडली. मेंढरं सोडली. ट्रकवर क्लीनर होतो ते सोडलं, अकलूजला हॉटेलात होतो तिथनं पळालो. माझ्या हातनं पुरं झालेलं काय आहे? काहीच नाही.

२८ ऑगस्ट

नळीवरच्या पन्हाळ्या, त्या लांब उभ्या खाचा, झाल्या! सगळ्या कानशीनं, बोटं सोलली. आबांनी अंगठा फिरवला, आडवा, उभा. नळी माझ्या हातात परत दिली. म्हणजे जमलं.

लगेच विचारलं, आता मागचं हँडल?

आबांनी डोळे उघडले. "त्ये शेवटाला."

१० सप्टेंबर

पट्ट्याचं तोंड, झाकण, तिवईचे पाय — सगळं झालं. हँडल तेवढं राहिलंय. मागच्या बाजूला दोन मुठी असायच्या, चालवणारा त्या धरून बसायचा. एवढं मलाही ठाऊक झालंय. पण मुठींत अंतर किती, उंची किती? आबांचे हात सगळीकडं फिरतात, मागं काही जात नाहीत. तिथवर आले की डोळेच उघडतात.

आज पुन्हा विचारलं. "शेवटाला म्हटलं ना! कानात बोळं हायत?" उठून विहाराकडं गेले. मी काय वाईट विचारलं?

२ ऑक्टोबर

खंडेनवमी. आमच्याकडं आज हत्यारांना हात लावत नाहीत. लेथवर झेंडू ठेवायला गेलो तर आबा म्हणाले, "मशीनला फूल नको रं, त्येल दे." तेल दिलं. एक झेंडू मोटारीमागं लपवलाच.

उद्या दसरा. तात्यांनी गडी बघितला असेल. मी काही गेलो नाही. आता इथंच जमलं पाहिजे.

९ ऑक्टोबर

आबा सकाळी न्हाणीत पडले. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं. दादा जीप करून बारामतीला घेऊन गेला. आजी मागं बसली होती, आबांची चप्पल हातात धरून.

११ ऑक्टोबर

लेथला हात लावला नाही.

२६ ऑक्टोबर

आबांना घरी आणलं. दिवाळी कुणी केली नाही. बोलता येत नाही, घशातनं नुसता आवाज.

शेडात बाज टाकून निजवलं. त्यांनी गनकडं बघितलं आणि डोळे मिटले. मी पट्टी घेऊन धावलो. वाटलं, आता देतात माप!

डावा हात वर आला. उजवा आला नाही.

एका हाताचं अंतर कुठनं घ्यायचं? मी पट्टी धरून उभाच. डावा हात हवेतच. मग आजीनं तो खाली घेतला, चादरीत घातला.

३० ऑक्टोबर

दादा आज मोटरसायकल थांबवून बोलला. मालकानं आयटीआयची पोरं घेतली. जागा भरल्या. "तुझी वस्तू झाली असती तर तोंड तरी उघडलं असतं मी." त्याचा दोष नाही. माझाही नाही. मग कुणाचा?

हँडलविना गन शेडात उभी आहे. मुंडकं तोडलेल्या बकऱ्यासारखी.

५ नोव्हेंबर

पिशवी भरली. कुणाला सांगितलं नाही. इंदापूर स्टँडवर आटपाडीची गाडी बघत बसलो. सोडायची सवयच आहे मला. हेही सोडलं.

बसल्या बसल्या डोळा लागला. शेजारच्या म्हातारीनं कोपरानं ढोसलं. "काय रं पोरा, हवंत काय चाचपतुस? कायी हरवलंय?"

माझे हात! आबांसारखे चालले होते. झाकण, पट्टा, तिवई — सगळं बरोबर ओळीनं. आणि मागं आल्यावर थांबलेले.

आटपाडीची गाडी आली. गेली. मी बारामतीच्या गाडीत चढलो. का ते कळलं नाही. उजेड काही दिसत नाही पुढं.

६ नोव्हेंबर

आजीनं पिशवी बघितली. "गेल्तास?" म्हणाली. मी मान हलवली. "मग आलास कशाला?" म्हणालो, हँडल राहिलंय. आबांनी माप कधी दिलंच नाही.

आजी भाकरी थापत होती. थापता थापता बोलली.

"कुठनं देतील? त्येंनी हँडल कवा धरलंच न्हाय. ह्ये नंबर दोन. उजव्या अंगाला बसून पट्टा सरकवायचा, येवढंच काम. हँडलवर नंबर एक, जोतीराम असायचा, ह्येंचा दोस्त; गन खोलता-जोडताना बी मागलं अंग त्येच्याकडंच. तिकडं जम्मूच्या डोंगरात गोळी लागून हँडलवरच गेला त्यो. साहेब ह्येंला म्हणला, आता तू बस. ह्ये म्हणले, ती जागा जोतीरामची. दुसरा बसवा, मी पट्टा सरकवतो. शेवटापातूर तसंच."

"आणि गाव मशीनगनवाले म्हणतं ते?"

"गावाला किती सांगत बसायचं रं?"

म्हणजे माप जगात कुणाकडंच नाही. जोतीरामबरोबर गेलं ते. एवढे महिने मी कशाची वाट बघत होतो?

८ नोव्हेंबर

आबांनी डाव्या हातानं गोणपाट दाखवलं. दादानं आणि मी उचलून बसवलं. गनच्या उजव्या अंगाला. मी नेहमीसारखा पट्टी घेऊन समोर बसलो.

आबांनी माझं मनगट धरलं. ओढलं — मागं, हँडलच्या जागी. पट्टी काढून घेतली, आजीकडं दिली. माझा एक हात उचलून हवेत ठेवला, मग दुसरा.

"ए... एक," म्हणाले. "नंबर... एक."

मी डोळे मिटले. पट्टी आजीनं धरली, माझ्या दोन हातांमध्ये.