नारळी पौर्णिमेपूर्वी उमेदवारांच्या यादीतून नाव काढण्याबाबत

प्रति,
मेहेरबान बंदर अंमलदार साहेब,
पाणखोल बंदर, जिल्हा रत्नागिरी

विषय : सरकारी होडीच्या तांडेलाच्या जागेसाठी दाखल असलेले माझे नाव कायमचे कमी करणेबाबत.
संदर्भ : आपले ३ ऑगस्ट १९३१ चे उत्तर.

महोदय,

१. सन १९२५ च्या ज्येष्ठात मी वरील जागेसाठी अर्ज केला. उमेदवारास लिहिता-वाचता यावे अशी अट होती. माझे वय तेव्हा एक्कावन्न. मुलगी शकू मराठी तिसरी शिकलेली, तिच्याकडून मी चार महिन्यांत अक्षरे शिकण्याचे कबूल केले आणि तीन महिन्यांत शिकलो. आपल्या कचेरीला त्यानंतर सहा वर्षांत 'होय' किंवा 'नाही' यांपैकी एकही शब्द लिहिता आलेला नाही.

२. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला मासेमारीच्या मचव्याचा मालक सुकाणू धरणाऱ्या तांडेलापुढे आणि खलाशांपुढे विडा धरतो. तो उचलला की माणूस वैशाखापर्यंत त्या मचव्याचा. मधे सोडून जाणाऱ्याला पुन्हा कोणी विडा देत नाही. नेमके पौर्णिमेच्या आधी चार-आठ दिवस आपले पत्र येते : "नेमणूक विचाराधीन आहे. उमेदवाराने गाव न सोडता तयार राहावे." पहिल्या वर्षी माझे मालक गंगाराम वासावे यांनी विडा पुढे केला तेव्हा मी खरे ते सांगितले, की सरकारचे बोलावणे येणार आहे. ही माझी चूक. तेव्हापासून सहा हंगाम मी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणतो. घर माझी बायको तुळसा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालवते. तिचे नाव सरकारच्या कोणत्याही यादीत नाही, म्हणून तिला काम करता येते.

३. दोनदा डॉक्टराचा दाखला मागवलात. दाखला सहा महिने चालतो आणि आपण तो सातव्या महिन्यात उघडता. ज्या होडीसाठी तांडेल हवा ती बंदरावर उपडी पडलेली आहे. तिच्या फळ्यांतून पलीकडचा दर्या दिसतो. आपल्या शिपायाच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात. सहा वर्षांत त्या होडीचा एवढाच उपयोग झाला, आणि तोही कोंबड्यांनी परवानगी न मागता केला म्हणून.

४. या आषाढात गंगाराम यांना मी स्वतः विचारले. ते म्हणाले, "केरूदादा, तू सरकारचा माणूस. मधीच बोलावणा आला तर सुकाणू काय वैनी धरील?" त्यांचे खोटे नाही. माझे नाव काढल्याचा शिक्क्याचा कागद आणला तर ते विडा देतील.

५. म्हणून मी नाव काढण्याचा अर्ज केला. आपले उत्तर आले, की नेमणूक झाल्याखेरीज राजीनामा घेता येत नाही. तरी उमेदवाराने नेमणुकीची वाट पाहावी. मी समजुतीसाठी कचेरीत गेलो. हेडकारकून म्हणाले, "तांडेल, सरकारला घाई नसते." दर्यावर ज्याला घाई कधी करायची ते कळत नाही, त्याला आम्ही सुकाणूजवळ बसू देत नाही. आपल्याकडे त्याला खुर्ची देतात.

६. माझे वय सत्तावन्न आहे. हातात दोन-तीन हंगाम उरले असतील. नोकरी नको. कागदावर एकच ओळ हवी : "केरू भिवा डोर्लेकर सरकारला नको आहे." आपल्याला वेळ नसेल तर मी लिहून आणतो. आपण फक्त शिक्का मारावा.

७. पौर्णिमा २८ तारखेस, शुक्रवारी आहे. तोवर कागद न आल्यास हाच अर्ज मी किनाऱ्यावर, नारळ सोडण्याआधी, सर्व मालकांसमोर मोठ्याने वाचीन. तो ऐकूनही ज्याला वाटेल की ही कचेरी केरूला कधीकाळी बोलावील, त्याने मला विडा देऊ नये.

कळावे.

आपल्या यादीत नाइलाजाने असलेला,
केरू भिवा डोर्लेकर
(सही स्वहस्ते)
ता. २० ऑगस्ट १९३१

सोबत : आपली सन १९२५ ते १९३० ची सहा पत्रे परत. मजकूर एकच आहे, कोणतेही एक वाचले तरी चालेल.