मागचे शॉकअप

६ जानेवारी, सोमवार
धम्मरत्नच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गेले. डाव्यातून तेल गळतंय. अकोल्याहून रेडिएशनचा शेक घेऊन परतताना मालेगावपासून शिरपूरला घरी पोचेपर्यंत धम्मरत्न डोळे मिटून होता. गाडी खड्ड्यातून निघाली तरी मागून उड्या मारतच राहते. माझा धाकटा भाऊ, चाळिशीही गाठली नाही – आणि कॅन्सर मणक्यात पोचला. त्याला सांभाळून नेणं एवढंच माझ्या हातात. तेही धड होत नाही.

७ जानेवारी
शेजारच्या उज्ज्वलाने नवऱ्याची मोठी गाडी देऊ केली. धम्मरत्न बसून आला. फाट्यापर्यंतच गेला, तरी घामाघूम. सरळ बसवत नाही. त्याच्या गाडीची सीट खोलगट, कमरेला दोन्हीकडून धरते, मागे पाडता येते. पुण्याला कंपनीत असताना हौसेनं घेतलेली, तेव्हाच जुनी – लाल, दोन दारांची, पळवायची गाडी. आई म्हणायची, "यात बसाचं हाय का झोपाचं?" आता झोपवून न्यायलाच कामी आली.

९ जानेवारी
शाळा सुटल्यावर मालेगावला गोपीचंदच्या गॅरेजवर गेले. म्हणाला, "म्याडम, कंपनीनं हे मॉडेलच बंद केलं. ओरिजनल भेटत नाई. बाहेरचे दोन जातीचे येतात. एक नरम, एक कडक. कडक पळवणारे पोट्टे घेतात."
पेशंटसाठी?
"मंग नरमच घ्या ना."
घरी धम्मरत्नला सांगितलं. तो म्हणाला, "कडक घे."
"अरे, तुझी पाठ –"
"कडक घे ना ताई."
याला अजून गाडी पळवायचीय. स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर गोपीचंदला फोन करून नरमच सांगितले. धम्मरत्नला बोलले नाही.

१३ जानेवारी
बसवले. गोपीचंद म्हणतो, आता पाळणा झाली गाडी.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तीळगूळ कुणाला दिला नाही.
अकोल्याला शेकासाठी जाताना दणका कमी लागला, खरं आहे. पण त्यानंतर गाडी डोलत राहते. एक हेलकावा जिरत नाही तोवर दुसरा खड्डा. मेडशीच्या पुढे घाटात प्रत्येक वळणावर मागची बाजू झुकायची आणि धम्मरत्न दोन्ही हातांनी दार धरायचा. पातूरला थांबवायला लावली. ओकला. ओकतानाही मणक्यात कळ. पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "हात नको लावू."
तोंड धुऊन म्हणाला, "दणका एकदाच बसते ताई. तो मी सोसतो. हे डोलणं नाई सोसवत. म्हणून कडक घे म्हनलं होतं."
मग, "मले इचारलं काहून नाई?"
विचारलं होतं. ऐकलं नव्हतं. पाठ त्याची, गाडी त्याची, आणि अक्कल माझी!

१६ जानेवारी
आज त्याच्या खाटेजवळ बसून, त्यालाच विचारून ठरवलं. मोबाइल छातीवर धरून शॉकअपचे फोटो बघत होता. एका जोडीला बुडाशी फिरवायची चकती आहे, कडकपणा कमी-जास्त करता येतो. "हे घे. मधात ठेवू. तू चालव, मी सांगतो." गोपीचंदला फोनवर सगळं त्यानंच सांगितलं. किती वेळ बोलत होते दोघं. डॉक्टरांसमोर हा मान हलवतो फक्त.

१७ जानेवारी
अॅम्ब्युलन्सने नेलं. नको ते हाल.

२१ जानेवारी
शॉकअपचं पार्सल आलं नाही. त्यानं दोनदा विचारलं.

२३ जानेवारी
गोपीचंदनं घरी येऊनच बसवले. खाट अंगणात आणायला लावली धम्मरत्नने. पडल्या पडल्या सांगत होता – "डाव्या बाजूचा बोल्ट परत पाह्य." मी गावाबाहेर चक्कर मारून आले.
"कशी चालते?"
"धरून चालते. डोलत नाही."
"मंग?" म्हणाला. हसला. किती दिवसांनी.

२४ जानेवारी, अकोला
सकाळी त्याला पाय टाकता येईना. उज्ज्वलाच्या नवऱ्यानं उचलून सीटवर ठेवलं. थकवा असेल, वाटलं. मालेगावच्या अलीकडे एक मोठा खड्डा मला चुकवता आला नाही. मी अंग चोरलं. तो शांत. इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, "लागलं नाही ना? जमलं बघ या वेळी."
तो समोरच बघत होता. म्हणाला, "ताई, पहाटेपासून कमरेखाली काहीच कळून नाई राह्यलं."
मग मी एकही खड्डा चुकवला नाही. दवाखान्यापर्यंत नुसती पळवली.