शेवटचं कार्ड

पारोळा, ता. ८ डिसेंबर १९९१

प्रिय लीलाधर,

अनेक आशीर्वाद. माझ्या छातीतली जळजळ थांबली बरं का! घरात धाकटा भाऊ डॉक्टर, नि थोरला सहा वर्षं उशाशी सोडा ठेवून झोपायचा. आता महिनाभर निवांत झोपतोय. आनंद व्हायला हवा ना? पण डोक्याचा नुसता भुगा झालाय, आणि तो अभिमनपायी.

तुझ्या एम.डी.च्या अभ्यासासाठी तू मला नि तीच जळजळ असलेल्या शेजारमळ्याच्या अभिमनला नंबर घातलेल्या बाटल्या दिल्यास. निम्म्या बाटल्यांत पोटातलं आम्ल कमी करणारं नवं औषध, निम्म्यांत नुसत्या पिठाच्या गोळ्या. कुणाला काय आलं ते तुलाही ठाऊक नाही, म्हणालास. घरी आल्यावर अभिमनने दोन्ही बाटल्या सुपात ओतल्या. एकाच्याच नशिबी पीठ यायला नको, म्हणाला. सरकी, खत जन्मभर निम्मं निम्मं घेतलं, तशाच गोळ्याही वाटून घेतल्या. तेव्हा चांगलंच केलं असं वाटलं होतं. आता तुझ्या अभ्यासाचं काय व्हायचं, देव जाणे. रागव, पण पुढचं वाच.

त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याचं रोजचं कार्ड मीच भरायचो. जळजळ किती, विचारलं की ठरलेलं उत्तर: “बठ्ठा आराम शे, नाना. लिखी टाक.” मी ‘सगळा आराम’ लिहीत गेलो. परवा मळ्यावर भरीत केलं. एकटा चार भाकरी रिचवणारा हा गडी दुधात भाकरी कुस्करत बसलेला! दोन घास गेले, तिसऱ्याला छाती दाबत उठला नि ओकायला बांधाआड गेला. कमरेचा करदोडासुद्धा सैल झालाय रे त्याचा. त्याच्या बायकोला, बेबाबाईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. दोन महिने हेच चाललंय म्हणे. कार्डावर वाईट लिहिलं तर लीलाधर नापास होईल, असं त्या येड्याच्या डोक्यात! तुला विहिरीत पोहायला शिकवलं ना त्याने, जीव आहे त्याचा तुझ्यावर.

आणि तू कार्ड बघून कळवलंस, अभिमनच्या पोटात दुर्बीण घालायची गरज नाही. तुझं तरी काय चुकलं? अक्षर माझं होतं. दोघांच्या गोळ्या सारख्याच, मग मला उतार नि तो असा का वाळतोय? औषध चुकलं, वाटणी चुकली, की त्याचं दुखणंच वेगळं आहे? मला काही उमगत नाही, लीलाधर. भीती वाटते.

हे पत्र तुझ्या हातात अभिमनच देईल. आत्ता बाहेर ओट्यावर नवी टोपी घालून बसलाय. त्याला वाटतंय, पाकिटात शेवटचं कार्ड आहे, सगळा आराम लिहिलेलं. ते उपाशीपोटीच द्यावं लागतं, असं मी ठोकून दिलंय. तुझं काम म्हटल्यावर रात्रीपासून त्याने पाणीही घेतलं नाही. तेव्हा त्याला चहा विचारू नकोस. अभ्यास गेला खड्ड्यात, आजच दुर्बीण घालून बघ.

तुझाच थोरला,
चुडामण