थंडीत घेतलेलं माप

१० डिसेंबर

चि. खारूताई हिस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू चौथीत असतानाची ती गार सकाळ आठवते? शिंपीणबाई माप घ्यायला आल्या आणि तू कुडकुडत, खांदे आखडून उभी राहिलीस. फ्रॉक आला तो काखेत काचणारा! बाई बिचाऱ्या टेप दाखवून सांगत राहिल्या, माप बरोबरच आहे म्हणून.

तुझं पत्र वाचून तेच आठवलं. आरएनएचे स्फटिक क्ष-किरणांनी खराब होऊ नयेत म्हणून तुम्ही ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवता आणि मग त्या आरएनएच्या रेणूचा आकार काढता, एवढं कळलं. त्या आकारात त्याचा एक हात अंगाशी दुमडलाय, तो थंडीमुळेच, असं तुला वाटतं. औषध तर त्याच हाताशी बसायचंय! उरलेले मोजके स्फटिक न गोठवता तपासू द्या म्हटलंस, तर तुमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, वाया जातील. त्यांचंही खरं आहे गं. तरी पुन्हा विचार. नाकाचा शेंडा लाल न करता.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी मावशी

२ जानेवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

फ्रॉकची गोष्ट बाईंना सांगितली. खूप हसल्या. म्हणाल्या, कर, पण स्फटिक मी बसवणार. सुकू नयेत म्हणून एकेक स्फटिक त्यांनी केसासारख्या बारीक काचनळीत बंद केला. काय हात आहे त्यांचा! तरी क्ष-किरणांत एकामागून एक करपत गेले. शेवटच्या स्फटिकाच्या वेळी मी डोळेच मिटून घेतले.

मावशी, तो टिकला! आणि त्यात हात दोन्ही तऱ्हांनी दिसतो, कधी दुमडलेला, कधी ऐसपैस पसरलेला. थंडीत आम्हाला दुमडलेलाच दिसत होता. आता औषधाची जागा नव्याने शोधायची. शोधनिबंधात बाईंनी माझं नाव पहिलं घातलंय.

गुडघ्यांची काळजी घे.
तुझीच खारू

१५ जानेवारी

चि. खारूताई हिस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, मला थोडं कळलं; रडलो मात्र दोघी.

पार्सल पाठवतेय. निळा स्वेटर तुमच्या बाईंना दे, त्या हातांना माझा नमस्कार सांग. लोकरीचे मोजे तुमच्याकडे तो गार नायट्रोजन भरणाऱ्या काकांना. तळाशी तो फ्रॉक आहे, तो तुझ्या टेबलापाशी टांग.

तुझा स्वेटर यात नाही. उन्हाळ्यात ये, हात पसरून उभी राहा, मग माप घेते.

तुझी मावशी