आपल्या घरचे केस

हट्टा, ता. वसमत, जि. परभणी
१२ सप्टेंबर १९७८

चि. नीला हिला अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. पोळा बरा झाला. मूग घरात आला, ज्वारी निसवते आहे. तुझे दाजी बरे आहेत. माझ्या रुखीचं पुढे लिहिते.

तुझं पत्र मिळालं. पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं. पोस्टमन शंकरसिंग नाही म्हणतो, पण नाही म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. म्हणून हे पत्र शाळेच्या बाईंच्या हाती वसमतला पाठवते आहे, तिथल्या पेटीत टाकतील. तू मला संशयी म्हणतेस. म्हण बापडी.

तर पहिला संशय तुझ्यावरच. नर्सिंगला गेलीस तेव्हा डोक्यावर टोपी बसत नाही, पोरी हसतात, म्हणून तू सिकंदराबादच्या त्या पार्लरवाल्या बाईकडून उग्र वासाचं मलम लावून केस सरळ करून घेतलेस. टाळू भाजली, खपल्या धरल्या, तरी मुळं वाढली की पुन्हा तिच्यापुढे जाऊन बसायचीस. मी किती ओरडले, तू ऐकलं नाहीस. आता लिहितेस की मलम बंद केलं. वर बोटबोटभर आपले जुने घट्ट कुरळे केस आलेत, खाली सरळ शेपट्या लोंबताहेत, आणि दोन्हींच्या सांध्यावर केस तुटतात. म्हणून आता तीच बाई रिळांवर केस गुंडाळून दुसरं औषध लावणार. वरची वळणं सैल होतील, खालच्या शेपट्यांना वळण येईल आणि सगळं डोकं एकसारखं दिसेल. हे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. पहिल्या औषधानं जे जाळलं ते दुसरं औषध जोडणार आहे होय?

आणि आत्ताच का? कुणी भेटलाय का? भेटला असेल तर सरळ सांग. सैल कुरळे केस आवडणारा माणूस कोण आहे, काय करतो, घरी कोण कोण आहे, सगळं कळव. तू लिहितेस की कुणी नाही, आरशात दुसरीच बाई दिसते म्हणून कंटाळा आला. बरं, धरते खरं.

मी केसांवरच एवढी का घसरले, असं तुला वाटेल. आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही.

रुखीला उन्हाळ्यात गोवर आला हे कळवलं होतं. तू दवाखान्यातली, तुला हसू येईल, पण इथे गोवर म्हणजे देवी घरात आलेली असते. ती असेपर्यंत लेकराच्या डोक्याला तेल नाही, पाणी नाही, फणी नाही. रुखीचे केस तर मुळातच तुझ्यासारखे, बोट घातलं तर बोट अडकावं असे. गोवर गेला तेव्हा कानामागे केसांचा सुपारीएवढा गुंता झाला होता. मी खोबरेल घेऊन बसले तोच जनकाबाई आली. ही आमच्याकडची आराधीण. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायला येते. तिनं रुखीच्या डोक्यावरून हात फिरवला, तो गुंत्याशी थांबला, आणि ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "भागूबाई, जट हाय ही."

जट म्हणजे देवीची खूण, तिला फणी लावायची नसते. त्या दिवसापासून फणी हरवली. मी शेजारणीवर घेतला संशय, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग फणी कडब्याच्या गंजीत सापडली. शेजारीण काही आमच्या गंजीपर्यंत येत नाही. मी फणी धुऊन घेतली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नाही. तुझ्या दाजींना बाजारातून नवी आणायला सांगितलं. ते विसरले. पुढच्या बाजाराला पुन्हा विसरले. ज्या माणसाला आजवर तंबाखू आणायचा विसर पडला नाही, त्याला फणीचा पडतो, तेव्हा मी समजायचं ते समजले. नीला, हेच मला लिहायचं नव्हतं. सासूचं एक वेळ सोसलं असतं. पण हेही त्यांच्याच बाजूला आहेत. विचारलं तर खाली बघून म्हणाले, "गोवरातून पोरगं उठलं ते कुणामुळं? आईच्या मनाविरुद्ध कसं जाऊ?"

आता त्या गुंत्याला दर शुक्रवारी हळद-कुंकू लागतं. नवरात्रात रुखीला देवीच्या गडावर नेऊन तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची ठरली आहे. मला कुणी विचारलं नाही. एकदा माळ पडली की ती देवीची. शाळा नाही, लग्न नाही, हातात परडी आणि दारोदार जोगवा. मला तर वाटतं, जनकाबाई म्हातारी झाली, तिची परडी पुढे न्यायला कुणी नाही, म्हणून तिचा हात बरोबर तिथेच थांबला. पण हेही खरं की तिलाही लहानपणी असंच नेलं होतं. तिलाही कुणी विचारलं नसणार.

मी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की ही जट नाही, आमच्या माहेरचे केसच असे आहेत. आईचे होते, नीलाचे आहेत. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाल्या, "नीलाचे केस म्या पाह्यलेत की. रुखीच्या बारशाला आली तवा माझ्या हातानं तेल लावलं व्हतं. सरळ, रेशमावानी. लेकरापायी बहिणीवर खोटं काहून बोलून राहिली?"

आई माझ्या लग्नाआधीच गेली, तिला त्यांनी पाहिलं नाही. माझे केस अण्णांसारखे सरळ. तू लहानपणापासून मामाकडे, माझ्या लग्नालाही नव्हतीस, आणि इथे आलीस ती मलम लावूनच. तेव्हा रुखीचे केस आमच्यापैकी कुणाचेच नाहीत, म्हणजे देवीचे. त्यांच्या हिशोबानं बरोबरच आहे. मलमाचं सांगून पाहिलं, तर म्हणाल्या की केस सरळ करायचं औषध असतं तर जगात कुत्र्याचं शेपूट वाकडं राहिलं नसतं.

कात्री माझ्या पेटीत आहे. कापायचं म्हटलं तर एका दुपारचं काम. पण उद्या तिला साधा ताप आला तरी देवी कोपली म्हणतील. आणि नवे केस येतील तेही असेच येतील. गाठ जाईल, त्यांच्या मनातलं जाणार नाही. आणि खरं सांगू, ताप आला तर मलाही भीती वाटेल. इतकी वर्षं मी याच घरात राहते, यांच्याच देवीला नैवेद्य दाखवते.

म्हणून ऐक. ते रिळांचं औषध लावू नकोस. घटस्थापनेच्या आत रजा काढून ये, आहेत तशाच केसांनी ये. वर कुरळे, खाली सरळ, मधे तुटलेले. मला तो सांधाच दाखवायचा आहे. अंगणात भर उन्हात बस, शिकेकाईनं डोकं धू, तेल लावू नकोस, पदर घेऊ नकोस. सासूबाईंना त्यांच्या हातानं तुझी मुळं चाचपू दे. मग रुखीला तुझ्या मांडीत बसवू. कुणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही, पण स्वतःच्या बोटांवर आहे. त्या वाईट नाहीत गं. नातीवर त्यांचा जीव आहे, म्हणून तर इतकं अवघड झालं आहे.

तुला लाज वाटेल, मला माहीत आहे. ज्या केसांवर पोरी हसल्या ते सगळ्या गावासमोर मोकळे सोडायचे. एस.टी.त लोक वळून बघतील. हे मागताना मलाच कसंतरी होतं. आणि एक भीती आहे. हे पत्र पोचेपर्यंत तू त्या बाईपुढे जाऊन बसली असशील तर? तरीही ये. मुळाशी जे नवीन उगवेल तेवढं तरी दिसेल.

काल रुखीला न्हाऊ घालत होते. डोक्यावरून पाणी घालायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून नुसतं अंगावरून. तिनं विचारलं, "आई, माझ्यावानी केस आणिक कुणाचे हायेत?" मी म्हटलं, तुझ्या मावशीचे. ती माझ्याकडे बघत राहिली. आजीनं बघावं तशीच, मायेनं. मग म्हणाली, "मावशीचे सरळ हायेत. तू रडू नको. मी देवीची हाय, मला दुखत न्हाई."

सहा वर्षांच्या लेकरानं माझी समजूत घातली, नीला. तिला खोटं पाडायला ये.

तुझ्या कुरळ्या मुळांची वाट बघणारी,
शकूअक्का