दत्तूला बोलावणं

१२ डिसेंबर
गल्लीत कुलपंच कुलपं. माणसं ऊसतोडीला गेली. शेजारचा दत्तूही बायकोला घेऊन कोल्हारकडं फडावर. कंबरेचं हाड मोडून पडलेली त्याची आई, सोनाआजी, आमच्या भरवशावर. अंगणवाडीत बसलो: उपकेंद्राच्या डॉक्टर मॅडम, ग्रामसेवक, आशाताई मंदा, समोरची यशोदा. पेपरातून निवृत्त झालेला रिकामा माणूस, म्हणून सगळ्यांना गोळा करणं माझ्याकडं. भाकरी घराघरांतून आळीपाळीनं. कूस बदलायला मंदा आणि यशोदा. मॅडम दर मंगळवारी. ग्रामसेवक हवेची गादी मिळवणार. गावात इतक्या लवकर काही ठरलेलं आठवत नाही.

२६ डिसेंबर
गादी आली. ग्रामसेवकांनी स्वतः हवा भरली.
आजी : "इमानात बसवता का मला?"
यशोदा : "बसा की. दत्तूच्या फडात उतरा."
आजी हसली. मग तोंड भिंतीकडं.

९ जानेवारी
खाणं तुटलं. छातीत घरघर. नगरला न्यावं का? मॅडम स्पष्ट बोलल्या, नेऊन फार फरक पडणार नाही. शुद्धीत आहेत तोवर मुलगा भेटू दे. आजीला विचारलं. "दवाखाना नगं. दत्तू पायजे."
ग्रामसेवकांनी तिथूनच फोन लावला. "दत्तू, आई सीरियस आहे. निघून ये."
सगळ्यांना हलकं वाटलं.

१० जानेवारी
आमच्याकडं मेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. सीरियस म्हणतात, माणूस काय ते समजून निघतो. दत्तूही समजला. पाहुण्यांना कळवून मोकळा.
सकाळी जीपमधून दत्तूच्या बहिणी उतरल्या त्या टाहो फोडतच. आजीनं आतून विचारलं, "कोन गेलं गं?"
बहिणी अंगणातच थबकल्या.
दत्तू उंबऱ्यात. हातात नवं लुगडं.
"कुनाला आनलं रं?"
"तुलाच, आई."
यशोदेनं तेच नेसवलं. आजी काठावरून हात फिरवत राहिली. ग्रामसेवक बाहेर मला म्हणाले, "काका, मी खोटं काय बोललो?" काहीच नाही. आम्ही पाचही जण तिथंच होतो, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

१२ जानेवारी
दत्तूच्या हातून आजी चार घास जेवली. मॅडम म्हणाल्या, याला सुधारणा समजू नका, थांबता आलं तर थांबा. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा फोन. ग्रामसेवक बोलले, मॅडम बोलल्या, मी बोललो. पलीकडून : "मेली म्हनून गेल्ता, आता जित्ती हाय म्हन्तो. एका आईपायी किती सुट्ट्या?"
फडात बायको एकटी. दत्तू निघाला. गाडीशी मला म्हणाला, "काका, आता बोलवाल तवा जीव असताना बोलवा. पन मला कळायचं कसं?"
त्याची पिशवी गाडीत ठेवली.

१९ जानेवारी
सकाळपासून श्वास अडकतोय. मॅडम : "आजच बोलवा." फोन मंदाच्या हातात. बोलायचं काय? ग्रामसेवक मान हलवून बाजूला झाले. मीही. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं आणि आता...
शेवटी मंदानं नंबर लावला आणि काही न बोलता फोन आजीच्या तोंडाशी धरला. घरघर ऐकू जावी म्हणून. पलीकडं कोयत्यांचे आवाज, कुणीतरी ओरडतंय. मग ते आवाज लांब गेले, दत्तू फडाबाहेर आला असावा.
"ऐकतोय, आई."
निघतो म्हणाला नाही. फोन कुणी बंद केला नाही.