नाक वर करून चालणारी बोट

६ ऑक्टोबर, पहाटे
आजपासून बोट अर्ध्या वेगाने. इंजिनाचं पुस्तक स्वतः वाचलं. पंचेचाळिसाव्या वर्षी एकटीने वाचायला शिकले ते वाया गेलं नाही. पान चौदा: वेग कमी, पेट्रोल कमी. पंधरावं पान वाळवीने खाल्लंय, पण मुद्दा कळला. माझा नवरा निकानोर तीस वर्षं बोट सुसाट पळवायचा. माझ्या तीन टोप्या पाण्यात गेल्या. वाचलेलं पेट्रोल लाल कॅनमध्ये. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच पेट्रोलवर त्याच्या कबरीपर्यंत जाणार आणि सांगणार, बघ!

८ ऑक्टोबर
ग्वापीच्या बाजाराची फेरी. सात माणसं, एक डुक्कर. बोटीने जे नाक वर केलं ते शेवटपर्यंत खाली आणलं नाही. काय ऐट! पुढचं दिसत नाही, पण नदी मला पाठ आहे. मासळीवाली एउलालिया म्हणाली, मावशी, डुक्कर माझ्या मांडीवर येतंय, ही बोट आहे की घसरगुंडी? म्हटलं, काटकसरीत थोडी गैरसोय व्हायचीच.
बचत झालीच असणार. चार लिटर आगाऊ लाल कॅनमध्ये ओतले.

१३ ऑक्टोबर
रोजच्या वापराचा पांढरा कॅन लवकर संपला. ऊन फार, पेट्रोल उडून जातं. लाल कॅनमधून दोन लिटर उसने घेतले. झाकणाखाली कापड लावलं.

१५ ऑक्टोबर
नदी पाठच आहे. वाळूने जागा बदलली. सगळ्यांनी उतरून बोट ढकलली. डुक्कर परत चढेना.

२० ऑक्टोबर
निकानोरचा दोस्त एवांहेलिस्ता, मेकॅनिक, धक्क्यावर पोट धरून हसला. म्हणाला, वहिनी, नाक वर म्हणजे बोट सारखी चढणीला लागलीय. एक तर होडीसारखी अगदी सावकाश न्या, नाही तर जोर देऊन पाण्यावर चढवा, मग आडवी होऊन अलगद पळते. मधल्या वेगात इंजिन नुसतं पेट्रोल ढोसतं. विचारलं, पुस्तक वाचलंय? नाही म्हणाला. मग झालं तर.

२७ ऑक्टोबर
लाल कॅनमधले उरलेले दोन लिटरही घेतले. चोरीचा संशय. आता पांढरा कॅन पलंगावर ठेवते, निकानोरच्या बाजूला. जागा रिकामीच असते. वासही तोच.

२ नोव्हेंबर
दोन्ही कॅन कोरडे. एवांहेलिस्ताच्या बोटीतून गेले. त्याने इंजिनाची मूठ पुरी पिळली. बोट उसळली, आडवी झाली, सुसाट सुटली. चौथी टोपी गेली. पोहोचल्यावर त्याने कॅन दाखवला. अर्धाही संपला नव्हता. याच्या निम्म्या अंतरावरच्या ग्वापीला मला एवढं पुरत नाही.
कबरीवरचं गवत काढलं. मेणबत्ती लावली. भाषण तयार होतं. एवढंच म्हटलं, टोपी गेली.
निघताना एवांहेलिस्ताने विचारलं, वहिनी, सावकाश घेऊ? म्हटलं, आता कशाला?